ओपुझेनची बाई

लुत्से हे नाव बेबीताईच्या घरात फोनमधून शिरलं.

शेखर क्रोएशियात गेला तेव्हा पहिले दोन-तीन महिने फोनवर थंडीचं बोलायचा, कामाचं बोलायचा, भाषा जिभेवर बसत नाही म्हणायचा. मग हळूहळू दर दुसऱ्या वाक्यात लुत्से यायला लागली. लुत्सेनं आज माशाचा रस्सा केला होता. लुत्से म्हणते, यंदा फळ लवकर रंगेल. लुत्सेनं स्वेटर विणून दिला, हे बघ. बेबीताई मोबाइलच्या पडद्यावर स्वेटर बघायची. राखाडी रंगाचा, गळ्याशी निळी पट्टी. "चांगला हाये," म्हणायची आणि फोन ठेवल्यावर नवऱ्याजवळ पुटपुटायची, "निळा रंग त्याले शोभत नाई, एवढं बी समजत नाई त्या बाईले."

बेबीताईचं माहेर तेल्हाऱ्याकडचं, कपाशीचं. लग्न होऊन मोर्शी तालुक्यात आली तेव्हा तिला संत्र्यातलं काही कळत नव्हतं. तीस वर्षांत ती अशी तयार झाली की झाडाच्या पानाकडे पाहून मुळाचं दुखणं सांगायची. शालिकरामजी, तिचा नवरा, गावात सांगत फिरायचा की बगिचा माझ्या नावावर आहे, पण ऐकतो तिचं. शेखर त्यांचा एकुलता एक. अकोल्याला राहून कृषीची पदवी घेतली, दोन वर्षं बापासोबत बगिच्यात राबला, आणि कॉलेजच्या एका मित्राच्या ओळखीनं समुद्रापलीकडे निघून गेला. तिकडे नेरेत्वा नावाच्या नदीच्या मुखाशी मँडरिनचे बगिचे आहेत. मँडरिन म्हणजे आपल्या संत्र्याच्याच घरातलं, आकारानं थोडं लहान. बगिच्याची मालकीण लुत्से, सत्तरीची विधवा, मूलबाळ नाही. तिच्याच घराच्या माडीवर शेखरला खोली मिळाली होती.

तिसऱ्या वर्षी त्यानं आईवडिलांची तिकिटं काढायचं ठरवलं. शालिकरामजी नाही म्हणाला. आंबिया बहाराचा माल तोडणीला आला होता, तो टाकून कसा जाणार. "तू जाऊन ये," तो बेबीताईला म्हणाला. "पोराले पाहून ये."

पोराला पाहायला चालले, असं तिनं गावभर सांगितलं. ते खोटं नव्हतं. पण मुंबईच्या विमानतळावर रांगेत उभी असताना, हातातल्या पिशवीत मुगाच्या वड्या, लाल तिखट आणि शेंगदाण्याची चटणी सांभाळत, तिच्या डोळ्यांपुढे शेखर नव्हताच. तिला ती बाई पाहायची होती.

*

विमानतळावरून गावापर्यंत दोन तास लागले. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला पांढऱ्या दगडाचे उघडे डोंगर. बेबीताईला वाटलं, इथे काय पिकत असेल. मग रस्ता वळला आणि खाली एकदम हिरवा सपाट मुलूख दिसला. मधून मोठी नदी, तिच्यातून निघालेले पाण्याचे पाट, आणि प्रत्येक दोन पाटांच्या मध्ये मँडरिनच्या रांगा, फळांनी वाकलेल्या.

"एवढं पानी?" ती म्हणाली.

"बोटीतून माल आनतो आमी," शेखर म्हणाला. "पाटापाटानं."

उन्हाळ्यात बोअर किती खाली गेला याचा हिशेब ठेवत आयुष्य काढलेली बाई ती. पाण्याचाच तिला पहिल्यांदा हेवा वाटला.

ओपुझेन लहानसं गाव. एक चौक, एक चर्च, चौकात कॉफीचे टेबल मांडून बसलेले म्हातारे, नदीवर पूल. सगळं पायी फिरायला अर्धा तास पुरेल. लुत्सेचं घर गावाबाहेर पाटाच्या काठाला होतं. ती फाटकाशी उभी होती. उंच, हाडापेरानं मोठी, काळा स्वेटर, रबरी बूट. तिचे हात बेबीताईच्या डोळ्यांत भरले. झाडाचं काम केलेले हात, नखांत हिरवा रंग बसलेला. तिनं बेबीताईच्या दोन्ही गालांना गाल लावले आणि काहीतरी लांबलचक बोलली.

शेखर गाडीतून बॅग काढत होता. तो वर न बघता म्हणाला, "मायको," आणि पुढे त्यांच्या भाषेत काही.

बेबीताई थांबली. "काय म्हन्लं तू तिले?"

"मायको. इकडं आईले मायका म्हनते. हाक मारताना मायको."

"अन् तू काहून म्हनतो?"

"सवय लागली, आई. म्हातारी मानूस हाये."

लहानपणी शेखर बेबीताईला माय म्हणायचा. घरात सगळेच म्हणायचे. अमरावतीला शाळेच्या वसतिगृहात गेला तेव्हा पोरं हसली, आणि पाचवीच्या दिवाळीत घरी आला तो आई म्हणत आला. बेबीताईनं कधी तक्रार केली नाही. शिकलेल्या पोराच्या तोंडी आई बरं दिसतं, असंच तिनं शेजारणींना सांगितलं. त्या फाटकाशी उभं राहून मात्र तिला वाटलं, आपली वस्तू आपल्याला न विचारता कुणाला तरी देऊन टाकली आहे.

*

पहिल्या आठवड्यात तिनं लुत्सेच्या सगळ्या खोड्या पाठ केल्या.

लुत्से शेखरच्या ताटात न विचारता वाढायची. तो नको म्हणाला तर त्याच्या हातावर चापट मारायची आणि तो हसायचा. घरी बेबीताईनं असं वाढलं की तो चिडायचा. लुत्से त्याच्या शर्टावरचा कचरा झटकायची. सकाळी बाहेर पडताना त्याची टोपी कानापर्यंत ओढायची. त्याला कच्चा कांदा चालत नाही, हे तिला माहीत होतं. बेबीताईला वाटायचं ते आपल्यालाच माहीत आहे.

एका दुपारी लुत्सेनं लाल रश्श्याचं भांडं मध्ये ठेवलं. बेबीताईनं वाकून पाहिलं. त्यात लांब सापासारखे तुकडे होते आणि त्यांच्यामध्ये पाय.

"हे काय हाये?"

"वाम मासा," शेखर म्हणाला. मग जरा थांबून, "अन् बेंडूक."

"तू खातो?"

"चांगलं लागते, आई."

"माह्या घरात कारलं केलं की तू आठ दिवस धड जेवत नव्हता."

त्यानं आणखी रस्सा वाढून घेतला. लुत्सेनं त्याला विचारलं, त्यानं काहीतरी सांगितलं, आणि ती मोठ्यानं हसली. बेबीताईनं पाव आणि चटणी घेतली आणि खाली मान घालून जेवली.

दुसऱ्या दिवशी तिनं स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. ज्वारीचं पीठ नव्हतं, पण शेखरनं आणलेलं बेसन होतं. तिनं झुणका केला, वड्यांचा रस्सा केला, तिखट हात सैल सोडून. शेखर घाम पुसत दोनदा मागून जेवला. लुत्सेनं दोन घास खाल्ले, तिचे डोळे भरून आले, ती तशीच पाणी न पिता खात राहिली आणि ताट पुसून स्वच्छ केलं. बेबीताईला वाटलं होतं ती ताट सरकवून देईल. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

बगिच्यात मात्र बेबीताईला मोकळं वाटायचं. तोडणी चालू होती. छोट्या कात्रीनं देठ कापायचा, फळ पिशवीत ठेवायचं, पिशवी भरली की कॅरेटमध्ये रिकामी करायची. तासाभरात तिचा हात बसला. दुपारपर्यंत ती लुत्सेच्या रांगेच्या पुढे गेली. लुत्सेनं ते पाहिलं. पदर खोचून, म्हणजे एप्रनची गाठ घट्ट करून, तीही भराभर कापायला लागली. दोघी एकमेकींकडे न बघता संध्याकाळपर्यंत तोडत राहिल्या. शेखर बोट घेऊन आला तेव्हा काठावर रोजच्यापेक्षा दुप्पट कॅरेट उभे होते.

"आज काय झालं तुमाले?" तो म्हणाला.

झाडांत दोष काढायला जागा होती. बुंध्याकडून सरळ वर गेलेले पानसोट कुणी काढले नव्हते, आणि पानसोट झाडाचं अन्न खातात. बेबीताईनं ते शेखरला दाखवलं. "तुह्या मायकोले एवढं कळत नाई?"

"कळते तिले. तोडनी झाल्यावर काढतो आमी." मग तो म्हणाला, "आई, तू तिच्यावर काहून चिडून रायली?"

"मी कुठी चिडली?"

*

बेबीताईचे पाय सुजले होते, म्हणून शनिवारी सकाळी शेखर तिला चौकातल्या औषधाच्या दुकानात घेऊन गेला. दुकानातली बाई शेखरला पाहून काउंटरच्या बाहेर आली. त्याच्या छातीवर बोटानं टकटक केलं, काही विचारलं. तो घाईनं मान हलवत होता.

"काय म्हनते ते?"

"काही नाई. कसा हायेस विचारून रायली."

"छातीले काहून हात लावला?"

"तिची सवय हाये तशी."

पोरगा खोटं बोलला की त्याचा डावा खांदा वर जातो, हे बेबीताईला तो तीन वर्षांचा असल्यापासून माहीत होतं. तिनं गोळ्यांची पुडी पिशवीत टाकली.

घरी आल्यावर शेखर बोट घेऊन बगिच्यात गेला. लुत्से स्वयंपाकघरात भाजी चिरत बसली होती. बेबीताईच्या फोनमध्ये शेखरनं भाषांतराची सोय करून दिली होती. मराठीत बोललं की फोनमधली बाई त्यांच्या भाषेत सांगायची, आणि उलटही. फक्त तिला वऱ्हाडी कळत नसे. मले, तुले म्हटलं की काहीच्या बाही सांगायची. म्हणून बेबीताईला शाळेतल्या बाईंसारखं बोलावं लागे.

तिनं फोन टेबलावर ठेवला. "शेखरच्या छातीला काय झालं होतं?"

लुत्सेनं सुरी खाली ठेवली. तिला वाटलं असावं की आईला ठाऊकच आहे. ती सावकाश, थांबत थांबत बोलली, आणि फोनमधली बाई कोरड्या आवाजात मराठीत सांगत गेली. गेल्या हिवाळ्यात त्याला न्यूमोनिया झाला. मेटकोविचच्या दवाखान्यात दहा दिवस होता. मी तिथेच बसून होते. पहिले तीन दिवस ताप उतरला नाही. तापात तो आईला हाक मारत होता. मी म्हटलं, मी आहे इथे.

गेल्या हिवाळ्यात दहा दिवस शेखरचा फोन आला नव्हता. मोबाइल पाटात पडला, नवा घ्यायचा आहे, असा मित्राच्या फोनवरून निरोप आला होता. त्या दहा दिवसांत बेबीताई चुलतजावेच्या घरी लग्नात पापड लाटत होती. गाणी म्हणत होती.

लुत्सेनं तिचा हात धरायला हात पुढे केला. बेबीताईनं आपला हात मांडीवर ओढून घेतला. हिनं त्याच्या कपाळावर पट्ट्या ठेवल्या. हिनं त्याला चमच्यानं पाजलं. त्यानं हाक मारली मला, आणि ओ दिली हिनं. तिनं फोन जवळ ओढला आणि बोलली, शुद्ध, पुस्तकातल्या मराठीत.

"शेखरचं लग्न ठरलं आहे. फेब्रुवारीत आहे. लग्नानंतर तो इथे परत येणार नाही. तुम्हाला सांगायचं त्याला जड जातंय."

फोनमधल्या बाईनं ते सांगितलं. लुत्सेला नीट ऐकू आलं नसावं. तिनं चष्मा लावला, पडद्यावरची अक्षरं वाचली. पुन्हा वाचली. चष्मा काढून मिटून ठेवला. मग मान हलवली, "दोब्रो" म्हणाली, म्हणजे बरं, आणि कोंबड्यांना दाणे टाकायला बाहेर निघून गेली.

बेबीताईनं राहिलेली भाजी चिरली. तिला पश्चात्ताप वगैरे झाला नाही. उलट कित्येक दिवसांत तिला इतकं हलकं वाटलं नव्हतं.

*

रविवारी ती दोघांबरोबर गावात गेली. चर्च सुटल्यावर लोक चौकात उभे राहून बोलत होते. आंते नावाचा एक जाडसर शेतकरी, लुत्सेच्या पाटापलीकडच्या बगिच्याचा मालक, लुत्सेजवळ आला. दोघं बराच वेळ बोलले. शेखर तेव्हा टेबलावर मित्रांत बसला होता. बेबीताईनं पाहिलं की लुत्सेनं हात पुढे केला, आंतेनं तो दोन्ही हातांत धरून हलवला, आणि भोवतीच्या दोघातिघांनी माना डोलावल्या. बेबीताईला वाटलं, यांच्यात निरोप घ्यायची अशीच रीत असेल.

सोमवारी दुपारी ती झाडाखाली डबा सोडून बसली होती. शेखर रांगेतून तिच्याकडे येताना दिसला. त्याच्या हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी होतं. तो येऊन समोर उकिडवा बसला आणि कागद उघडला. आत पांढरा, हातानं विणलेल्या जाळीचा टेबलक्लॉथ होता, घडीच्या रेषांवर पिवळा पडलेला.

"हे लुत्सेच्या लग्नातलं हाये," तो म्हणाला. "माह्या बायकोसाठी देल्लं तिनं."

बेबीताई डब्याकडे बघत राहिली.

"कोनासंग ठरलं माह्यं लग्न, आई?"

तिनं घास मोडला, पण तोंडात घातला नाही.

"फेब्रुवारीत हाये म्हने. मले पत्रिका तरी दाखव."

"शेखर."

"नाई, सांग ना. काहून सांगतलं तिले असं?"

"तू मले काहून नाई सांगतलं दवाखान्याचं?" बेबीताईचा आवाज चढला. "दहा दिवस. मले एक फोन नाई. मी तुही कोनी नाई का?"

"तू घाबरली असती. एवढ्या दुरून काय करनार होती तू?"

"घाबरू द्यायचं होतं ना मले. घाबरायचा हक बी त्या बाईलेच देल्ला तू."

शेखरनं कागद पुन्हा गुंडाळला. तो बोलला तेव्हा त्याचा आवाज अगदी शांत होता, आणि त्याचीच बेबीताईला भीती वाटली.

"पाटाकडचा अर्धा बगिचा ते मले वाट्यानं देनार होती. जानेवारीपासून. तुले इथं बोलावलं ते त्याच्यासाठी. तुले झाडं दाखवायची, तुले इचारायचं, अन् मंग तुह्यासमोर हो म्हनायचं, असं होतं माह्या मनात. काल तिनं तो आंतेले देल्ला एका वर्षासाठी. चार लोकांसमोर हात देल्ला. इकडं हात देल्ला म्हनजे झालं. आता मी आंतेकडं रोजानं जाईन माह्याच हातानं वाढवलेल्या झाडावर."

"मले हे नव्हतं मालूम."

"लग्न खोटं हाये, हे तर मालूम होतं."

तो उठला आणि रांगेत निघून गेला. बेबीताईनं डबा बंद केला. झाडावर फळं होती, ती तोडायला हवी होती, पण ती कात्री कॅरेटवर ठेवून उठली.

*

त्या दिवशी ऊन असतानाच ती घरी आली. लुत्से टेबलाशी होती. शेखर मागून आला, जाळीच्या कपड्याचं पुडकं टेबलावर ठेवलं आणि दाराला टेकून उभा राहिला.

"तू सांग तिले," बेबीताई म्हणाली.

"मी नाई सांगत. तू बोलली, तूच सांग."

तिनं फोन काढला. शुद्ध मराठीत बोलायला तोंड उघडलं, पण शनिवारी जे शब्द इतके सरळ बाहेर पडले होते ते आता येईनात. ती आपल्याच बोलीत बोलली. "लुत्सेबाई, मी खोटं बोलली तुमाले. माह्या पोटात दुखून रायलं होतं."

फोनमधल्या बाईनं काहीतरी सांगितलं. लुत्सेचा चेहरा गोंधळला. ती उठली, कपाटातून औषधाची बाटली काढली आणि बेबीताईच्या पोटाकडे बोट दाखवून विचारू लागली.

शेखरनं कपाळावर हात मारला. मग खुर्ची ओढून दोघींच्या मध्ये बसला. "बोल," तो आईला म्हणाला. "मी सांगतो."

आणि बेबीताईचं बोलणं तिच्या पोरालाच एकेक वाक्य करून त्या बाईपर्यंत पोचवावं लागलं. लग्न ठरलं नाही. तो जाणार नव्हता. तो तुमाले मायको म्हनते ते मले सहन नाई झालं. तापात मले हाक मारली अन् तुमी ओ देल्ली, ते तर नाईच झालं. शेखर एका वाक्याशी अडखळला, आईकडे बघितलं, आणि तेही सांगितलं.

 लुत्से आपल्या मोठ्या हातांनी बाटलीचं झाकण उघडत-लावत होती. मग बोलायला लागली. आवाज वाढत गेला. शेखर ऐकत होता, सांगत नव्हता.

"काय म्हनते?"

"थांब."

"शिव्या देऊन रायली का?"

"थोड्या." त्यानं घसा साफ केला. "म्हनते, तीन वर्षं झाले. रोज दुपारी मी गरम जेवन वाढतो, अन् रोज तवाच तुह्या आईचा फोन येते. तू ताट सोडून उठतो. जेवन थंड होते. मी एकटी बसतो. तू बाहेर पाटावर उभा राहून हसतो, अन् मले समजत नाई काय बोलून रायला." तो थांबला. लुत्सेनं आणखी एक वाक्य म्हटलं आणि मान दुसरीकडे वळवली. शेखरनं तिला उलट काही विचारलं. तिनं मान हलवली. "म्हनते, एक डाव तिनं माह्या फोनचा चार्जर लपवला होता. दोन दिवस." तो आईकडे वळला. "हे मले बी आताच समजलं."

 बेबीताईला लाज वाटायला हवी होती, आणि वाटतही होती. पण त्या लाजेच्या खालून एक गार, सुखाचा पाझर फुटला होता. आपण सात समुद्रांपलीकडे बसून या बाईचं जेवण नासवत होतो. तिचे ओठ हलले. लुत्सेनं ते नेमकं पाहिलं. ती हसली नाही. तिनं टेबलावरचा तो जाळीचा कपडा उचलला आणि शेखरला काही सांगितलं.

"हा वापस घेते म्हनते. खरंच लग्न ठरन तवा दीन."

"बगिच्याचं काय?" बेबीताईनं विचारलं.

शेखरला ते लुत्सेला विचारावंही लागलं नाही. "हात देल्ला, आता नाई फिरत ते. एक वर्ष आंतेचं."

*

राहिलेले नऊ दिवस बेबीताईनं तोडणी केली. पहिले दोन दिवस लुत्से तिच्याशी एक अक्षर बोलली नाही. तिसऱ्या दिवशी डोंगराकडून जोराचा, हाडं गोठवणारा वारा सुटला. लुत्सेनं आपला जुना कोट आणून तिच्या अंगावर टाकला आणि न थांबता पुढच्या झाडाकडे गेली. शेखर आईशी कामापुरतं बोलायचा. पाणी पाहिजे का, पाय कसा आहे. तो चिडलेला असता तर बेबीताईला सोपं गेलं असतं.

एका दुपारी त्यानं तिला बोटीतून नदीच्या मुखापर्यंत नेलं. दोन्ही काठांना बोरूसारखी उंच वाढलेली गवतं, मधूनच उडणारे पांढरे बगळे, आणि लांब, जिथे पाणी संपतं तिथे समुद्र. शेखरनं दाखवलं, ही आंतेची झाडं, ही त्या पलीकडच्या भावांची, आणि ही इथून तिथपर्यंत.

"ही तुही झाली असती," बेबीताई म्हणाली.

"हो."

"माह्यामुळं नाई झाली."

त्यानं वल्हं पाण्यात रोवलं. "हो," तो म्हणाला. नाही म्हणाला नाही, हे तिला बरं वाटलं.

निघायच्या दिवशी विमानतळावर तो वाकून पाया पडला. लुत्से आली नव्हती. तिनं पानांसकट मँडरिन भरलेली एक पिशवी दिली होती. बेबीताईनं विमानात एक सोललं. साल हात लावताच सुटली, आत एकही बी नव्हती. आपल्या संत्र्याला आहे तो आंबटपणा याला नाही, असं तिनं मनाशी ठरवलं आणि पिशवीतली सगळी खाऊन टाकली.

घरी आल्यावर तिनं शालिकरामजीला पाण्याचं सांगितलं, बोटींचं सांगितलं, बेंडकांचं दोनदा सांगितलं. खोट्याचं सांगितलं नाही. वर्षभर सांगितलं नाही. शेखर आंतेकडे कामाला जात होता, राहत होता लुत्सेकडेच. हळूहळू तो फोनवर पहिल्यासारखा बोलायला लागला, पण एखाद्या दिवशी मध्येच गप्प व्हायचा, आणि बेबीताईला समजायचं की तो मनानं कुठे पोचला आहे.

पुढच्या जानेवारीत आंतेचं वर्ष संपलं. लुत्सेनं पाटाकडचा अर्धा बगिचा शेखरला वाट्यानं दिला. शेखरनं ही बातमी बापाला सांगितली. शालिकरामजी बगिच्यात संत्र्याची छाटणी करत होता. त्यानं फोन खिशात ठेवला आणि बायकोकडे बघितलं.

"गेल्या सालीच देनार होती म्हने ते. मंग मधात आंतेले काहून देल्ला?"

बेबीताई बांधावर बसली आणि तिनं सगळं सांगितलं. औषधाच्या दुकानापासून पोटदुखीच्या बाटलीपर्यंत. शालिकरामजी कात्री हातात घेऊन ऐकत राहिला. मध्ये एकदा त्यानं विचारलं, "न्यूमोनिया?"

ती थांबल्यावर तो म्हणाला, "बाई कशी हाये पन?"

बेबीताईनं विचार केला. "चांगली हाये," ती म्हणाली. "मेहनती हाये. पोराले जीव लावते."

"मंग?"

"मंग काही नाई. मले आवडत नाई ते."

शालिकरामजीनं एक वाळकी फांदी कापून बाजूला टाकली. "अन् तिले तू आवडली असशीन?"

"नाई," बेबीताई म्हणाली, आणि उठून पुढच्या झाडाकडे गेली.